डिप फुटलं, पावाचं बूड गेलं: कॉब लोफ नेमका कुठे फसतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही पुण्यात ऑस्ट्रेलियन पद्धतीचा कॉब लोफ केलात. म्हणजे अख्खा गोल ब्रेड वरून कापून, आतून पोखरून, त्यात पालक आणि चीजचं गरम डिप भरायचं आणि त्याच ब्रेडचे तुकडे त्यात बुडवून खायचे. झालं असं, की वर तेलाचा तवंग आला, खाली चीजचा चिवट गोळा बसला आणि पाहुणे जमेपर्यंत ब्रेडचं बूड फुटून सगळं टेबलक्लॉथवर आलं. ‘रेसिपी जशीच्या तशी पाळली, मग चुकलं काय?’ असं तुम्ही विचारलंय.

काय काय वापरलंत तेही लिहिलंत, हे फार बरं केलंत. उत्तर त्या यादीतच आहे. सकाळी बेकरीतून आणलेला ताजा लुसलुशीत ब्रेड, धुऊन चिरलेला कच्चा पालक, सावर क्रीमऐवजी घरचं दही, पिझ्झासाठी किसून मिळतं ते मोझरेला, आणि ओटीजी २२० वर, दोन्ही रॉड चालू, चाळीस मिनिटं.

ताई, तुमच्या कॉबमध्ये पाणी फार होतं. ब्रेडमध्ये पाणी, पालकात पाणी, दह्यात पाणी. आणि ते आटवायच्या नादात चीज इतकं तापवलंत की त्यानेही आपलं तूप सोडलं. आपल्याला वाटतं कॉब ओव्हनमध्ये बिघडला. तो ओट्यावरच बिघडलेला असतो, ओव्हन फक्त तो निकाल जाहीर करतो.

मी मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात छोटं केटरिंग चालवते. वर्षभर आठवड्याला दोन-तीन कॉब होतात. सप्टेंबरच्या शेवटी फूटीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फायनलला आणि २६ जानेवारीच्या सुट्टीला मात्र वीस-पंचवीस. तेव्हा हाताला सवय आहे. पण माझा पहिला कॉब तुमच्यापेक्षा वाईट फसला होता. इथे कुणी घरी बोलावताना ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘काहीतरी करून आणा’ असा असतो. नवीन आलेली माणसं खरोखर रिकामी ताटली घेऊन जातात आणि दारात उभं राहून ओशाळतात. माझ्या एका मैत्रिणीचं तसं झालं होतं, म्हणून मी शहाणी होऊन कॉब करून निघाले. गाडीत तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. तिसऱ्या सिग्नलला नवरा म्हणाला, ‘हे गरम लागतंय.’ पोहोचेपर्यंत त्याच्या पँटवर पालक होता आणि माझ्या हातात एक पोकळ पाव. ताटली मात्र होती, रिकामी.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही रेसिपी जशीच्या तशी पाळली नाहीत, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण पुण्यात ती तशी सहजासहजी पाळता येत नाही. इथली ठरलेली कृती अशी: एक कॉब, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचा गोल ब्रेड, फ्रोजन पालकाचं २५० ग्रॅमचं पाकीट, क्रीम चीजची २५० ग्रॅमची वडी, सावर क्रीमचा ३०० मिलीचा डबा, फ्रेंच अनियन सूपच्या पावडरचं ४० ग्रॅमचं पाकीट, आणि वाटीभर किसलेलं चेडर. सगळं ढवळायचं, भरायचं, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं. इथली शाळकरी पोरंसुद्धा करतात. ते बिघडत नाही, कारण त्यातल्या तीन वस्तू कारखान्यातच पक्क्या होऊन आलेल्या असतात. क्रीम चीजमध्ये डिंकासारखे घट्ट करणारे पदार्थ असतात. सूपच्या पावडरमध्ये स्टार्च असतो. इथल्या साध्या सावर क्रीममध्ये साधारण ३५ टक्के फॅट असतं, त्यामुळे ते तापवलं तरी सहसा फुटत नाही. गाईच्या दुधाच्या घरच्या दह्यात फॅट चारेक टक्के, बाकी बहुतेक पाणी. तुम्ही सावर क्रीम काढून दही घातलंत तेव्हा एक आंबट पदार्थ काढून दुसरा घातला असं वाटलं, पण खरं तर भिंतीतला खांब काढला.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कढी करताना आपण ताकाला बेसन का लावतो? दाटपणासाठी, हो, पण मुख्य म्हणजे ती फुटू नये म्हणून. तापल्यावर दह्यातली प्रथिनं एकमेकांना धरून गोळा व्हायला बघतात आणि पाणी बाहेर टाकतात. पिठातला स्टार्च फुगून त्यांच्या मध्ये येतो, त्यांना जवळ येऊ देत नाही. कॉबच्या डिपमध्ये हेच काम मैद्याचा व्हाइट सॉस करतो. ज्याला कढी न फोडता करता येते त्याला हे डिप यायलाच हवं.

चीजचं प्रकरण जरा वेगळं आहे, आणि ते समजून घेतलंत तर मॅक-अँड-चीजपासून सगळंच सुधारेल. चीज म्हणजे प्रथिनांची जाळी; तिच्यात फॅट आणि पाणी अडकलेलं. जाळीचे धागे कॅल्शियमने एकमेकांना बांधलेले असतात. दुधातलं फॅट ४० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. जाळी सैल व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. हळूहळू तापवलं तर जाळी सैल होऊन सगळं एकत्र वाहतं, आणि आपण म्हणतो चीज छान वितळलं. भसकन तापवलं, उकळू दिलं किंवा फार वेळ ठेवलं, की धागे आवळतात, पिळल्यासारखं होऊन फॅट बाहेर येतं. वर तवंग, खाली रबर. तुमचं झालं ते अगदी हेच.

ही डोकेदुखी जुनी आहे. स्विस लोक फोंड्यूत, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन घालतात ती काही नुसती चैन नाही. तिच्यातलं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि चीज गुळगुळीत राहतं. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर या दोघांनी एमेंटाल चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून टिकाऊ चीज केलं. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. सोडियम सायट्रेट कॅल्शियमला बाजूला काढतं, जाळी मोकळी होते आणि मोकळी झालेली प्रथिनं फॅटला स्वतःच धरून ठेवतात. आपल्याकडचे लहानपणापासूनचे अमूलचे क्यूब याच घराण्यातले. प्रोसेस्ड चीजच्या पाकिटावर घटक वाचा, सोडियम सायट्रेट किंवा इमल्सिफायर ३३१ असं काहीतरी दिसेल. चीजचे जाणकार त्याला नाक मुरडतात, मुरडू देत. डिपमध्ये चांगलं चेडर १०० ग्रॅम घालणार असाल तर त्यात २५ ग्रॅमचे दोन क्यूब किसून टाका. चव चेडरची येते आणि गुळगुळीतपणा क्यूब सांभाळतात. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातली सगळ्यात स्वस्त युक्ती ही.

मोझरेलाचं म्हणाल तर ते डिपमध्ये नकोच. ते ताणलं जाण्यासाठीच बनवलेलं असतं. पिझ्झावर तो गुण, डिपमध्ये अवगुण. पहिल्या पाहुण्याने ब्रेडचा तुकडा बुडवून वर ओढला की अर्धं डिप त्याच्याबरोबर निघतं, आणि निवल्यावर उरलेल्याचं च्युइंगम. वरून भुरभुरायला मूठभर घ्या, तेवढंच. किसून मिळणाऱ्या चीजला तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते, त्यानेही सॉस जरा खरखरीत होतो. वडी आणून घरी किसा.

पालकासाठी तुम्हाला पंचा लागेल. हसू नका, पंचाच. चक्का बांधायला घेतो तो जुना, धुऊन विरलेला. पालकाच्या दोन मोठ्या जुड्या निवडून साधारण ४०० ग्रॅम पानं घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग लगेच गार पाण्यात, मग चाळणीत. गार झाला की पंच्यात गुंडाळा आणि दोन्ही टोकं उलट्या दिशांनी पिळा. पहिल्या पिळ्याला हिरवं पाणी धारेनं पडतं आणि वाटतं, झालं. नाही झालं. पंचा सोडा, आतला गोळा हाताने मोकळा करा, परत बांधा, परत पिळा. दुसऱ्या खेपेलाही चांगलं अर्धी वाटी निघतं. तिसऱ्या खेपेला थेंब-थेंब येतं आणि मनगटं दुखतात, तिथे थांबायचं. हातात येतो तो गोळा लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा थोडा लहान आणि इतका कोरडा की सुरीने चिरताना पाटावर ओल उमटत नाही. ही परीक्षा लक्षात ठेवा: पाट ओला झाला तर परत पिळा. पिळलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवा त्यात.

कच्चा पालक घातलात तर हेच सगळं पाणी ब्रेडच्या आत सुटतं. पालकाचा दुसरा काही दोष नाही.

कांद्याच्या सूपच्या पावडरीला पर्याय शोधत बसू नका. तिची चव मुख्यतः वाळवलेल्या भाजक्या कांद्याची आणि मिठाची. आपल्याकडे बिर्याणीसाठी तळलेला कांदा पाकिटात मिळतो, तो मूठभर घेऊन हाताने चुरा. चव आश्चर्य वाटावं इतकी जवळ जाते. वेळ असेल तर दोन कांदे लोण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परता, ते तर पावडरीपेक्षा कितीतरी सरस. पण ‘कांदा गुलाबी झाला’ यावर थांबू नका. तांबूस, जॅमसारखा लगदा व्हायला हवा. गुलाबी कांद्यात पाणी असतं, आणि आपलं भांडण पाण्याशीच आहे.

तर पुण्यात करायचं डिप असं. आदल्या रात्री अर्धा किलो दही पंच्यात बांधून फ्रिजमध्ये टांगा किंवा चाळणीत ठेवा. सकाळी घट्ट चक्का होतो, त्यातला १५० ग्रॅम घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात २५ ग्रॅम लोणी, त्यात ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, दोन टेबलस्पून मैदा. मैदा कच्चट लागू नये इतपत परता, रंग येऊ देऊ नका. २०० मिली दूध थोडं-थोडं घालत ढवळा. हा सॉस घट्ट होतो, व्हायलाच हवा. गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबा. मग किसलेलं चीज मुठीमुठीने घाला आणि विरघळवत जा, मग चक्का, मग पालक, कांदा, मिरपूड, किंचित जायफळ. गॅस पुन्हा लावायचा नाही. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. चीज आणि तळलेला कांदा दोन्ही खारट असतात, निम्म्या वेळा मीठ लागतच नाही. क्रीम चीज मिळत असेल तर चक्क्याच्या जागी २०० ग्रॅम ते घ्या आणि मैदा एकाच टेबलस्पूनवर आणा.

दाटपणा किती? घट्ट पिठल्याइतका. पातळ पिठलं नव्हे आणि झुणकाही नव्हे. चमचा भरून उलटा धरला तर डिप क्षणभर विचार करतं आणि मग एका गोळ्यात पडतं. धार लागली तर ब्रेडमध्ये भरू नका, आणखी मूठभर चीज किंवा चमचाभर पालक घालून पाहा. ओव्हनमध्ये ते पुन्हा पातळ होणार आहे, हे धरून चाला.

हिरव्या मिरचीचा ठेचा चमचाभर घातला तर इथले ऑस्ट्रेलियन पाहुणेसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेतात. गरम मसाला मात्र नको. एकाने तसा कॉब माझ्याकडून करून घेतला होता. पालक पनीर पावात भरल्यासारखा लागला. पालक पनीर खायचं तर पोळीबरोबर खावं.

आता ब्रेड. इथे माझी मतं जरा कडक आहेत. ताजा ब्रेड चालत नाही. आदल्या दिवशीचा हवा, कापडात गुंडाळून बाहेर ठेवलेला, फ्रिजमध्ये नाही. ब्रेड शिळा होतो म्हणजे त्यातला स्टार्च पुन्हा कडक होतो, आणि आपल्याला तोच कडकपणा हवाय. फ्रिजमध्ये हे आणखी वेगाने होतं हे खरं, पण कवच मऊ पडतं, आणि कॉबमध्ये कवच म्हणजे भांडं. दूध-लोणी घातलेला मऊ मिल्क ब्रेड नको. मोठ्या छिद्रांचा सावरडो दिसायला राजबिंडा, पण त्या छिद्रांतून डिप वाट काढतं; त्याचे काप करून बुडवायला घ्या, भांडं म्हणून नको. साधा, घट्ट विणीचा, जाड कवचाचा गोल ब्रेड सगळ्यात भरवशाचा.

पुण्या-मुंबईत असा मोठा गोल ब्रेड नाही मिळाला तर दुःख करू नका. इराणी बेकरीतला ब्रून पाव घ्या, आणि गोव्यात कुणी असेल तर पोदेराकडचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडचा, उंडो हा गोल पाव मागवा. कडक कवच, आत मऊ, तळहातावर मावेल एवढा. प्रत्येकाला एक-एक छोटा कॉब. लहान मुलांच्या वाढदिवसाला तर मी हेच सुचवेन. एकाच पावात बारा हात जात नाहीत आणि एखाद्याचं बूड गेलंच तरी नुकसान एका ताटलीपुरतं. वरची चकती कापून बोटाने पोखरायचा, दोन-तीन चमचे डिप, १८० वर दहा-बारा मिनिटं.

मोठा ब्रेड कापताना दातेरी सुरी वरून सरळ खाली घालू नका. कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, थोडी तिरपी मध्याकडे झुकवून गोल फिरवा, म्हणजे झाकण बुचासारखं निघतं आणि परत बसवता येतं. आतला गर सुरीने कापायचा नाही, बोटांनी उपटायचा. सुरीला बूड कधी आलं ते कळत नाही, बोटांना कळतं. भिंत दोन सेंटिमीटर ठेवा, बूड तीन. लोक इथेच लोभ करतात, डिप जास्त मावावं म्हणून खरवडत राहतात. पोखरून झाला की ब्रेड खिडकीकडे धरून आत बघा. जिथून उजेड झिरपताना दिसतो तिथून तासाभरात डिप झिरपणार. अशा जागी उपटलेल्या गराचा तुकडा लोणी लावून अंगठ्याने दाबून बसवा. हे ठिगळ कुणाला दिसत नाही आणि माझ्या अंदाजाने दहातल्या तीन कॉबना लागतं.

मग रिकामं कवच तसंच १८० वर दहा मिनिटं भाजा. आतून बोट फिरवलं तर टोस्टसारखं खरखरीत लागलं पाहिजे. तुमच्या कृतीत ही पायरी नव्हती, आणि पुष्कळ कृतींत नसते. आतून पातळ हाताने लोणी फिरवलंत तर आणखी चांगलं, ओल आत जायला वेळ लागतो. झाकणही सोबत भाजून घ्या.

ओटीजीत एक अडचण असते: मोठा ब्रेड वरच्या रॉडच्या फार जवळ येतो. म्हणून सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा, फक्त खालचा रॉड चालू, ब्रेडला बाहेरून फॉइलची वाटी करून गुंडाळा, तोंड उघडं. डिप गरम असतानाच भरा. गार डिप भरलं तर ते मध्यापर्यंत तापायला पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात ब्रेडच्या कडा कोळसा होतात. गरम भरलं तर १८० वर वीस मिनिटं पुरतात. शेवटची तीन-चार मिनिटं वर चीज भुरभुरून वरचा रॉड लावा आणि तिथून हलू नका, फोनही घेऊ नका. डिप मधे बुडबुडायला लागलं की झालं. खळखळ उकळायची वाट पाहू नका. तुमचा तवंग त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आला असणार.

उपटलेल्या गराचे घासाएवढे तुकडे थोड्या तेलात घोळवून वेगळ्या ताटात भाजा. त्यांना दहाच मिनिटं लागतात, म्हणून ते कॉबबरोबर नाही, नंतर आत घालायचे. ते कधीच पुरत नाहीत. अर्ध्या तासात तुकडे संपतात आणि डिप उरतं, हा कॉबचा जगभरचा अनुभव आहे. जास्तीचे ब्रून पाव कापून ठेवा, गाजराच्या कांड्या, काकडी, सिमला मिरची. आणि पुण्यात आहात तर बेकरीतलं जिरा बटर ठेवून पाहा. गेल्या वर्षी सुट्टीवर आले होते तेव्हा बहिणीकडे केलं होतं, पोरांनी ब्रेड बाजूला सारला आणि जिरा बटरवर डिप संपवलं.

पाहुण्यांत कडक शाकाहारी कुणी असेल तर एक लक्षात ठेवा. भारतातल्या पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं चीज चालतं, पण इटलीहून येणारं अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या रेनेटनेच (म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) करतात, तसा त्याचा नियमच आहे. हौसेने वरून किसून घालण्याआधी विचारा.

वेळेचं गणित मांडते. पाहुणे सहाला येणार असतील तर पालक, कांदा, चक्का सकाळीच तयार. साडेचारला ब्रेड पोखरा. पाचला रिकामं कवच भाजा, त्या वेळात डिप करा. सव्वापाचला भरून आत, पाऊणे सहाला बाहेर, पाच-दहा मिनिटं निवू द्या; लगेच ठेवलंत तर कुणाची तरी जीभ पोळणार, बहुधा उत्सवमूर्तीचीच. दुपारी भरून ठेवून संध्याकाळी गरम करायचा मोह टाळा. भरलेला कॉब वाट पाहत बसला की बूड जातं. आणि दूधदुभत्याचा पदार्थ आहे, दिवसभर टेबलावर नको. इथे आम्हाला व्यवसायात नियम असा: ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांपेक्षा कमी राहिलं तर परत फ्रिजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तास झाले तर तिथेच खाऊन संपवायचं, चारच्या पुढे फेकायचं. घरच्यासाठी दोन तासांचा हिशेब धरा, पुण्याच्या एप्रिलमध्ये तर त्याहून कमी.

एवढं करूनही फुटलं तर? ब्रेडमध्ये भरण्याआधी फुटलं असेल तर गॅसवरून उतरवा, वरचं तेल चमच्याने काढा, दोन चमचे गार दुधात चमचाभर कॉर्नफ्लॉवर कालवून घाला, एक क्यूब किसून घाला आणि अगदी मंद आचेवर रवीने किंवा व्हिस्कने घुसळा. नव्वद टक्के वेळा जुळून येतं. ब्रेडमध्ये फुटलं तर काही होत नाही, टिश्यूने वरचं तेल टिपा आणि वर कोथिंबीर. आणि बूड फुटायला लागलं असं दिसलं तर अख्खा कॉब उचलून छोट्या लोखंडी कढईत बसवा आणि तशीच टेबलावर ठेवा. माझ्याकडे हे तीनदा झालंय. तिसऱ्यांदा एका बाईंनी ‘ही कढईची कल्पना किती छान’ म्हणून फोटो काढला.

उरलेलं काही टाकू नका, खरी गंमत तिथेच आहे. डिप संपल्यावर जो रिकामा पाव राहतो त्याच्या भिंतींत चीज मुरलेलं असतं. स्विस लोक फोंड्यूच्या भांड्याच्या तळाला लागलेला खमंग पापुद्रा खरवडून खातात, आपण बासुंदीची खरवड खातो, तसं हे. फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पिझ्झासारख्या फोडी करा आणि लोखंडी तव्यावर, झाकण न घालता, चीजची बाजू खाली ठेवून भाजा. चीज तव्याला धरून तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही, मग उलथन्याने एकदाच सोडवायचं. बुडाची फोड सगळ्यात चविष्ट असते. आमच्याकडे ती कुणाची यावर अजून भांडणं होतात, आणि मी ती सगळे उठायच्या आधीच चहाबरोबर खाऊन टाकते.